खानदेशात लवंग पिकत नाही

बारावीच्या एका मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात समासभर पेन्सिलीने शब्दार्थ लिहिलेले होते. धडा शेरलॉक होम्सचा. त्यात 'डिडक्शन' या शब्दापुढे तिने लिहिलं होतं, 'वजावट'. मी विचारलं, "अगं, होम्स कशातून काय वजा करतोय?" ती गांगरली. "सर, डायजेस्टमध्ये असंच दिलंय," म्हणाली. आणि दिलंच होतं. मी नंतर पाहिलं. वॉटसनच्या बुटाला लागलेली लालसर माती बघून तो कुठल्या रस्त्यावरच्या पोस्टात जाऊन आला हे सांगणारा होम्स, आणि त्याच्या त्या विद्येला पगारपत्रकातला शब्द. मराठीत 'अनुमान' आहे, 'तर्क' आहे, 'ताडणं' आहे, 'माग काढणं' आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमानाचं उदाहरण आपल्या न्यायशास्त्रात किती जुनं आहे. त्या मुलीला यातलं काहीही दिलं असतं, तरी होम्स तिला पहिल्या पानावर समजला असता.

सहकारी म्हणतात, सर, एवढ्या तेवढ्या गोष्टीचं काय घेऊन बसता? मी खानदेशातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं इंग्रजी शिकवतो आहे, आणि माझ्या सगळ्या तक्रारी अशा एवढ्या तेवढ्याच आहेत. जानेवारीत उजळणी सुरू झाली की त्या रोज नव्याने समोर येतात. मला त्या सोसत नाहीत, कारण चुकीचा अर्थ एकदा पेन्सिलीने लिहिला की तो पुसला जात नाही. मुलगी तोच पाठ करते, आणि पुढे हा शब्द जिथे भेटेल तिथे तिला वजाबाकीच दिसते.

होम्सचा तो धडा ज्या कादंबरीतला, त्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये लंडनच्या एका घरात पिवळा फेटा बांधलेला हिंदुस्थानी नोकर आहे. त्याचा मालक त्याला 'खिटमुटगार' म्हणतो. दरवर्षी निम्मा वर्ग हा शब्द एखादं कठीण लॅटिन नाव असावं तसा अडखळत वाचतो, आणि त्याचा अर्थ 'इंडियन सर्व्हंट' असा इंग्रजीतच पाठ करतो. अरे, हा आपला खिजमतगार! पेशवाईच्या कागदांत हा शब्द आहे, आपण अजून 'खिजमत' म्हणतो. अरबी-फारसीतून हिंदुस्थानात आलेला, इथून साहेबाच्या तोंडी बसलेला आणि पार लंडनच्या कथेत जाऊन पोचलेला शब्द पुन्हा आपल्या वर्गात येतो, तेव्हा त्याला ओळखणारं कुणी नसतं. मी फळ्यावर 'खिजमतगार' लिहिलं की दोनतीन चेहरे उजळतात. बाकीचे विचारतात, "सर, हे लिहून घ्यायचं का?"

अलंकारांचं दुखणं याहून मोठं आहे. आमची मुलं मराठीच्या तासाला उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे सगळं शिकून आलेली असतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओळी त्यांना तोंडपाठ आहेत. संसार आणि चुलीवरचा तवा यांच्यामधला 'जसा' हा शब्द तिथे काय काम करतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरी उपमा म्हणजे काय हे त्यांच्या कवितेवरून सबंध महाराष्ट्राला शिकवता येतं. हीच मुलं इंग्रजीच्या तासाला बसली की 'सिमिली' ही जणू परदेशातून आलेली नवीन वस्तू होते. तिची व्याख्या इंग्रजीत घोकायची, आणि ओळखायची खूण एकच: 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली. मग कवी 'मला हे आवडतं' म्हणत असला तरी 'लाइक' दिसला म्हणून मुलगा बेधडक सिमिली लिहून मोकळा होतो. दोन भाषांच्या दोन वह्या आहेत, आणि एका वहीतलं दुसऱ्या वहीत न्यायचं नसतं अशी त्याची समजूत झाली आहे. ती समजूत आम्ही करून दिली.

मी एकदा 'मेटाफर' समोर 'रूपक' आणि 'पर्सॉनिफिकेशन' समोर 'चेतनगुणोक्ती' असा तक्ता करून वर्गात लावला. मुलांना तो आवडला. उत्प्रेक्षेपाशी आल्यावर एका मुलाने विचारलं की याला इंग्रजीत काय म्हणतात? याला इंग्रजीत वेगळं नाव नाही. 'जणू' म्हणून जे येतं ते तिकडे बहुतेक सिमिलीतच मोजतात. म्हणजे या एका बाबतीत मराठी काव्यशास्त्राची चाळणी अधिक बारीक आहे. त्या मुलाला याचा केवढा आनंद झाला! पण आठवड्याभरात तक्ता कुणीतरी काढून टाकला, कारण त्या भिंतीवर प्रिलिमचं वेळापत्रक लावायचं होतं. वेळापत्रकाला शेजारची भिंत रिकामी होती.

आणि इन्व्हर्शन. याची चीड मला किती आहे हे सांगून संपणार नाही. कवितेच्या कुठल्याही ओळीत शब्दांचा नेहमीचा क्रम थोडाफार बदललेला असतोच, म्हणून क्लासवाल्यांनी मुलांना सांगून ठेवलं आहे की काहीच सुचलं नाही तर इन्व्हर्शन लिहा. उत्तर चूक ठरत नाही. त्यामुळे मुलगा ओळ वाचतच नाही. दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता पुस्तकात आहे. मुंबईच्या लोकलमधून रात्री घरी परतणारा, घरातही एकटाच असलेला बाप. चित्रे मराठीचे आणि इंग्रजीचेही कवी, तुकाराम इंग्रजीत नेणारे. बाप गाडीतून उतरून दिसेनासा होतो तिथे त्यांनी जी उपमा योजली आहे ती त्यांनी भाषेच्याच व्यवहारातून उचलली आहे, आणि ती कळली की घशात काहीतरी अडकतं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांचे वडील रोज पहाटेच्या पॅसेंजरने भुसावळला किंवा जळगावला कामाला जातात आणि रात्री मुलं झोपल्यावर येतात. त्यांच्यासाठी ही कविता आहे. ती त्यांनी 'इन्व्हर्शन, चार गुणांचं रसग्रहण, संपलं' अशी संपवावी, हे मला सहन होत नाही.

पुस्तकावर माझा राग नाही. बारावीच्या इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत १६ गुण कादंबरीला आहेत, आणि त्यासाठी निवडलेल्या तीनही कादंबऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी वाचाव्यात अशाच आहेत: ई. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह', ज्यूल्स व्हर्न यांची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि आर्थर कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर'. पुस्तकात त्यांचे उतारे आहेत. उतारा हा दरवाजा असतो. त्यातून आत जायचं. पण जानेवारीपर्यंत उताऱ्याचं डायजेस्ट झालेलं असतं, डायजेस्टचा दहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि व्हिडिओचे पाच 'आयएमपी'. तेवढ्यावर मुलं ठरवतात की तीनपैकी कुठली कादंबरी 'ऑप्शनला टाकायची'. पुस्तक ऑप्शनला टाकणं हे शब्द मी इतकी वर्षं ऐकतोय, तरी कानाला बसले नाहीत.

व्हर्नचंच घ्या. ८० दिवसांत जगप्रदक्षिणेला निघालेल्या फिलिअस फॉगच्या नोकराचं नाव पासपार्टू. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सगळ्या कुलपांना चालणारी किल्ली. किती बोलकं नाव आहे! पण प्रिलिमच्या प्रत्येक गठ्ठ्यात त्याचा किमान चारपाच वेळा 'पासपोर्ट' झालेला असतो, कारण मुलांनी ते नाव डोळ्यांनी वाचलेलं नसतं, नुसतं कानावरून गेलेलं असतं. प्रश्न ठरलेला: फॉगला एक दिवस जास्तीचा कसा मिळाला? उत्तरही ठरलेलं: तो पूर्वेकडे गेला म्हणून. का, ते कुणी सांगत नाही. पृथ्वीचे ३६० अंश, पूर्वेकडे सरकताना प्रत्येक अंशाला ४ मिनिटं सूर्य लवकर उगवतो, ३६० गुणिले ४ म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. रेखावृत्तं आणि स्थानिक वेळ या मुलांनी शाळेत भूगोलात केलेली आहेत. कादंबरीच्या शेवटी सगळा खेळ याच गुणाकारावर फिरतो, आणि तो करून दाखवल्यावर विज्ञान शाखेची मुलं चकित होतात. इतकं सुंदर गणित कादंबरीत आहे हे त्यांना दोन गुणांच्या तयार उत्तराने कळू दिलेलं नसतं.

पण माझी खरी तळमळ अकराव्या प्रकरणाची आहे. फॉग २ ऑक्टोबर १८७२ ला लंडनहून निघतो, २० ऑक्टोबरला मुंबईत उतरतो आणि रात्रीच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. गाडी घाट चढते, रात्रीत नाशिक मागे टाकते, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुठे असते? खानदेशात. आमच्या खानदेशात! दुपारी साडेबाराला ती बऱ्हाणपूरला थांबते. म्हणजे व्हर्नचा फॉग आमच्या गावावरून, आम्ही रोज ज्या रुळांवरून जातो त्यांवरूनच गेला. जगप्रसिद्ध कादंबरीत आपला मुलूख आहे, आणि इथली मुलं ती कादंबरी परीक्षेसाठी 'करतात', तरी त्यांना हे ठाऊक नसतं.

म्हणून गेल्या जानेवारीत एका शनिवारी मी माझी जुनी इंग्रजी प्रत वर्गात नेली आणि ते प्रकरण वाचून दाखवलं. मूळ इंग्रजी वाचायचं, थांबायचं, मराठीत बोलायचं, पुन्हा वाचायचं. व्हर्न खानदेशाचं वर्णन करतो: सपाट, सुपीक, नद्यांनी भिजलेला प्रदेश. इथवर मुलं खुशीत होती. मग तो म्हणतो की या नद्या बहुतेक गोदावरीच्या उपनद्या. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, गिरणा तापीला मिळते." मी म्हटलं, बरोबर. "पांझराही," दुसरा म्हणाला. "वाघूरही." मिनिटभरात वर्गाने सातमाळा-अजिंठ्याची रांग मध्ये उभी करून इकडचं पाणी तापीतून पश्चिमेला आणि तिकडचं गोदावरीतून पूर्वेला काढून दिलं. पुढे गाडीचा धूर ज्या मळ्यांवरून जातो त्यांत कापूस आहे, तो ठीक. पण त्याबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीही आहे. केळीच्या बागा असलेल्या घरातला एक मुलगा उभाच राहिला. "सर, खानदेशात लवंग?"

त्या पाऊण तासात मुलांनी जे केलं त्याला मी समीक्षा म्हणतो. त्यांनी लेखक वाचला, त्याला तपासलं, तो कुठे चुकला ते पुराव्यासह सांगितलं, आणि तरीही त्यांना पुढे काय होतं हे ऐकायचंच होतं. मी त्यांना सांगितलं की मुंबईहून कलकत्त्याला जोडणारी लोहमार्गाची वाट १८७० मध्येच पुरी झाली होती. व्हर्नने आपल्या गोष्टीसाठी मध्येच रूळ संपवले आणि फॉगला हत्ती विकत घ्यायला लावला. का? गाडीने माणूस नुसता पोचतो, हत्तीवरून गोष्ट पोचते. कथानक म्हणजे काय, हे मी कधी इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला येणार का?" विचारणारा मुलगा गुणी होता. मी 'नाही' म्हटलं, आणि पाच-सात वह्या मिटल्या. तो आवाज मी विसरू शकलेलो नाही. पाठोपाठ बेल झाली आणि गोष्ट हत्तीपाशीच थांबली.

मी स्वतः व्हर्नपाशी मराठीतून पोचलो, भा. रा. भागवतांनी आणला त्या वाटेने. हे मी वर्गात सांगितलं तर एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन समजावलं की असं सांगू नका, मुलं मराठीत वाचतील आणि इंग्रजी कच्चं राहील. मुलं मराठीत व्हर्न वाचतील, ही भीती! मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, पण तेव्हापासून हे दरवर्षी सांगतो.

'द साइन ऑफ फोर'मध्ये याहून गंभीर गोष्ट उजळणीत हरवते. ही कादंबरी फेब्रुवारी १८९० मध्ये एका मासिकात आली. तिचं बीज १८५७ मधल्या आग्र्याच्या किल्ल्यात आहे. खजिन्याचे जे चार भागीदार, त्यांतला एक इंग्रज जोनाथन स्मॉल. बाकीचे तिघे महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर, आणि लेखक या तिघांनाही शीख म्हणतो. अंदमानच्या टोंगा या पात्राला तर त्याने अर्धा पशू करून टाकला आहे. अंदमानी लोक माणसं खातात, असं होम्स संदर्भग्रंथ काढून वाचून दाखवतो. ते खोटं होतं. छापील ग्रंथात होतं म्हणून खरं वाटलं. मी मुलांना हे सांगू इच्छितो की कादंबरी उत्तम आहे आणि या ठिकाणी तिच्या लेखकाला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच उत्तरात लिहिता येतात. पण तयार उत्तरात पात्राला विशेषणं लावलेली असतात: क्रूर, विश्वासू, रानटी. आमची मुलं, हिंदुस्थानातली मुलं, ती विशेषणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. तेव्हा माझ्या हातातलं लाल पेन थांबतं. गुण द्यावे लागतात.

राहिली 'टू सर, विथ लव्ह', जी सगळ्यांत जास्त वेळा ऑप्शनला जाते. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या हवाई दलात होते, इंजिनिअर होते. युद्धानंतर कातडीच्या रंगामुळे नोकरी मिळेना म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर झाले, आणि १९५९ मध्ये त्यावर हे पुस्तक लिहिलं. पुस्तकातल्या त्या शाळेत, ग्रीनस्लेडमध्ये, एक पद्धत आहे. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुलाने त्या आठवड्याचा आढावा आपल्या शब्दांत लिहायचा. शिक्षक, धडे, पद्धत, कशावरही मोकळी टीका करायची. त्याबद्दल कुणावर राग धरायचा नाही. आणि शिक्षकाने तो वाचायचा.

आमच्याकडे 'ग्रीनस्लेड शाळेतील साप्ताहिक आढाव्याचे महत्त्व' या विषयावर आठ ओळींचं उत्तर मिळतं. मुलं ते पाठ करतात. आपल्याला कुणी असा आढावा लिहायला सांगितला, तर आपण काय लिहू, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही, कारण आम्ही कधी विचारलेलाच नसतो.

मी विचारला. त्या जानेवारीत, प्रिलिम संपल्यावर, ५४ मुलांना कोरा कागद दिला आणि म्हटलं, माझ्या तासाबद्दल लिहा, मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, इंग्रजीत लिहा, नाव घाला किंवा घालू नका. ११ कागद परत आले. एकाने लिहिलं होतं की सर फार वेळ बोलतात. एका मुलीने लिहिलं होतं की तुम्ही 'वजावट' म्हणून सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा मला रडू आलं, चूक डायजेस्टची होती. तिचं खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली.

आणि केळीच्या बागेतल्या त्या मुलाने लिहिलं होतं, "मी घरी जाऊन वडिलांना लवंगेचं सांगितलं. ते खूप हसले. मग त्यांनी विचारलं हत्तीचं पुढे काय झालं. मला सांगता आलं नाही, बेल झाली होती. ते पुस्तक लायब्ररीत आहे का?"

लायब्ररीत आहे. एक प्रत आहे, काचेच्या कपाटात. पण आमची इमारत परीक्षेचं केंद्र असते, त्यामुळे फेब्रुवारीत वाचनालयाच्या खोलीत पर्यवेक्षकांच्या खुर्च्या येतात, कपाटं भिंतीकडे तोंड करून सरकवली जातात, आणि निकालापर्यंत पुस्तक मिळत नाही. परीक्षा वाचनाची, आणि परीक्षेच्या दिवसांत वाचनालय बंद. याबद्दल मी तीन वर्षं अर्ज देतोय.

मी त्याला माझी प्रत दिली. म्हटलं, परीक्षेनंतर वाच, आता अभ्यास कर. त्याने मान हलवली.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी तो ती परत घेऊन आला. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. तो गेल्यावर मी अकरावं प्रकरण उघडलं. गोदावरीच्या नावाखाली बारीक रेघ मारलेली होती, आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: तापी.